सभासद शिक्षण : धुराड्याची राख आणि आपली फुप्फुसे



"राख ती राखच! भांडी घासायची वस्तू, तिनं काय होतंय?" असं आपल्यातले पुष्कळजण म्हणतात. पण कोळशाच्या वीज केंद्राची राख वेगळी आहे.

महानिर्मितीचे सर्वांत मोठे औष्णिक केंद्र चंद्रपूरचे, क्षमता २९२० मेगावॅट. देशी कोळशात राख फार. शंभर क्विंटल जाळला की तीस-चाळीस क्विंटल राख उरते. जाड राख भट्टीच्या तळाशी पडते, बारीक राख धुराबरोबर निघते. ती अडवायला विजेच्या भाराने कण ओढून घेणारे 'ईएसपी' यंत्र असते. ते नीट चालले तर ९९ टक्क्यांहून जास्त राख अडते. त्यात बिघाड झाला, की तीच राख गावावर येते.

डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात अडकते. खरा धोका अडीच मायक्रॉनच्या कणांचा. केसाच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा हा कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. कोळशातल्या गंधकाचा वायूही हवेत असेच कण बनून शेकडो किलोमीटर जातो. म्हणून 'केंद्र लांब आहे' हे समाधान खोटे. दमा, हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका यातून वाढतो. सर्वांत जास्त झळ लहान मुले, गरोदर बाया आणि म्हाताऱ्या माणसांना.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये धूर व वायूंच्या मर्यादा कडक केल्या. जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधकवायू धुण्याच्या यंत्रणेतून सूट मिळाली. धूलिकणांची मर्यादा मात्र कायम आहे. तेव्हा गावाने काय करावे?

१) राखेच्या गाड्या ताडपत्रीने झाकाव्यात व राखेचे तळे ओले ठेवावे, असा ठराव ग्रामसभेत करावा.
२) राख पडली की तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा वहीत लिहावी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं.
३) धूर दाट असेल त्या दिवशी मुलांना मैदानावर सोडू नये. तोंडाला रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत.
४) खोकला दोन आठवडे टिकला, तर दवाखान्यात छाती तपासून घ्यावी.

आता थोडं आपलंही. तोडणीनंतर फडात पाचट पेटवले की तेच बारीक कण उठतात. पाचट सरीत कुजवा; ओल टिकते, खत होतं. आपला फड धुमसत ठेवून दुसऱ्याच्या धुराड्याची तक्रार केली, तर अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारील.