डोणगावच्या शिवारातील वाटसरू

अकोल्याहून पातूर-मालेगावमार्गे मेहकर गाठून पुढे लोणारला जाणाऱ्या पक्षीप्रेमी भटक्याने दसऱ्यानंतरच्या पंधरवड्यात निदान एक सकाळ डोणगावच्या शिवारासाठी राखून ठेवावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. आणि तिचे श्रेय त्या भाड्याच्या मोटारीला द्यावयास हवे, जी डोणगाव दृष्टिपथात येताच सूर्योदयापूर्वीच्या अंधुक प्रकाशात निमूटपणे बंद पडली. कारागीर दुपारपर्यंत मिळणार नाही, हे चालकाने निर्विकारपणे जाहीर केल्यावर सोबतच्या मंडळींनी चहाच्या टपरीचा आश्रय घेतला व मी दुर्बीण गळ्यात अडकवून जवळच्या पांदणीने चालू लागलो.

सोयाबीनची सोंगणी अर्ध्यावर आली होती. काही वावरांत सुड्या उभ्या होत्या, काही ठिकाणी हडंबा म्हणजे मळणीयंत्र लागलेला होता, आणि मधल्या तुरीच्या ओळी तेवढ्या हिरव्या होत्या. पीक कापले गेले की त्याच्या आडोशाने राहणारे टोळ, नाकतोडे, उंदीर हे सारे एकाएकी उघड्यावर येतात, आणि नेमक्या याच सुमारास मध्य आशियातील गवताळ मैदानांतून आलेले शिकारी पक्षी वऱ्हाडात उतरू लागतात. हा योग पुस्तकांत वाचलेला होता, पण त्याचा विस्तार किती आहे याची कल्पना त्या धुऱ्यावर उभे राहीपर्यंत आली नव्हती. पहिला दिसला तो पांढुरका भोवत्या, जवळजवळ शुभ्र नर, पंख किंचित वर उचलून जमिनीलगत तरंगत, वाऱ्याच्या विरुद्ध एक एक तास चाळत येणारा. त्याच्या मागोमाग तपकिरी मादी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा मिरवीत. माँटेग्यूचा भोवत्या यांच्याहून वेगळा ओळखावा तो नराच्या पंखावरील काळ्या रेघेने. माद्यांच्या बाबतीत मात्र घाईने निवाडा देऊ नये. खरुची एका जागी पंख फडफडवीत हवेत थांबून राही. कुटाराच्या ढिगाभोवती पिवळे धोबी आणि तिरचिमण्या वेचण्यात गुंतल्या होत्या, आणि हडंब्याच्या धुरळ्यातून भोरड्यांचा एक थवा असा उसळला की काम करणारी माणसेही क्षणभर वर पाहू लागली. सुडीपाशी उभ्या असलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने मला न्याहाळून विचारले, "काय पाह्यता भाऊ? हे तं दरसाल येतात, सोयाबीन सोंगलं का!" ज्वारीचा पेरा मोठा होता तेव्हा याच भोरड्यांना हाकलण्यासाठी माळ्यावर उभे राहून गोफण चालवावी लागे, हेही त्यांनीच सांगितले.

तारेवर बसलेल्या नीलपंखाकडे मात्र दुर्लक्ष करू नये. आपला नेहमीचा नीलपंख म्हणजे तास, ज्याचे दसऱ्याला दर्शन शुभ मानतात, त्याचा गळा व छाती तपकिरी असते. डोके, मान आणि छाती सलग निळी असेल तर तो आफ्रिकेच्या वाटेवर असलेला युरोपीय नीलपंख होय. असे पक्षी येथे हिवाळा काढीत नाहीत. चार घास खाऊन ते पुढे निघतात, आणि कार्तिकात गेल्यास ते भेटतीलच असे नाही.

दुपारी मोटार सुरू झाली व आम्ही रीतीप्रमाणे लोणारलाही गेलो. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदविलेले, बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले आणि २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेले हे विवर अद्वितीय आहे, याविषयी दुमत नाही. परंतु त्याच्या काठावर वेफर्सची पाकिटे उडत असताना ध्वनिवर्धक लावून छायाचित्रे काढणारा जमाव पाहिला की पक्ष्यांनी शेतात राहणे का पसंत केले असावे, असा प्रश्न पडत नाही. स्वतःस 'खरे ट्रेकर' म्हणविणाऱ्यांचाही एक चमू तेथे होता, व डोणगावात 'चढायला काय आहे' असे त्यांनी मला विचारले. काहीच नाही. धुऱ्यावर दोन तास निश्चल उभे राहावयाचे असते, आणि ते साऱ्यांना जमतेच असे नाही.

पेनटाकळी व कोराडी या मेहकर तालुक्यातील जलाशयांचा मोह आश्विनात आवरावा. पावसाळ्यानंतर ते भरलेले असतात, काठाचा चिखल पाण्याखाली असतो, त्यामुळे तुतवारांसारख्या चिखलपायी पक्ष्यांना चरावयास जागा उरत नाही. पाणी ओसरू लागल्यावर, पौष-माघात, तेथे जावे. इतिहासाची हौस असेल तर मेहकर हे अकबराच्या वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते एवढे ध्यानी ठेवून, १८८८ मध्ये सापडलेल्या शारंगधर बालाजीच्या मूर्तीचे दर्शन घ्यावे आणि उजेड असेतो शिवारात परतावे.

शिवारात वावरण्याचे काही दंडक आहेत. मालकाला विचारल्याशिवाय वावरात पाऊल टाकू नये; हरभऱ्याची पेरणी झालेल्या सऱ्या तुडवू नयेत; हडंबा चालू असताना छायाचित्रासाठी मजुरांना थांबवू नये. भोवत्ये रात्री गवतात, जमिनीवर, समूहाने निजतात. ई-क्लासच्या गायरानात सूर्यास्तानंतर त्यांचा असा तळ आढळल्यास तेथे विजेरी नेऊ नये, आणि त्या जागेचा नकाशा समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नये.

मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या १२ नोव्हेंबरपर्यंत राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो, तेव्हा अनेकांची पावले पाणवठ्यांकडे वळतात. त्या दिवसांत डोणगावकडे आल्यास ई-बर्डवरील आपल्या नोंदीत पक्ष्याच्या नावाबरोबर मौजे, वावरातील पीक आणि सोंगणी झाली होती की नव्हती, एवढा मजकूर अवश्य लिहावा; नुसत्या 'मेहकर परिसर' अशा नोंदीवरून भोवत्या कोणत्या शेतात उतरतो हे पुढे कोणालाच सांगता यावयाचे नाही.