इतिहासपाठ : शरणपूरचे विद्यार्थी व गुलामांची मुक्ती

(इयत्ता सातवीसाठी)

उद्देश : गुलामीतून सुटलेल्या माणसांनी इतरांच्या मुक्तीसाठी केलेल्या कार्याची विद्यार्थ्यांस ओळख करून देणे.

प्रस्तावना : गुहागरच्या किनाऱ्यावरील मुलांना वाऱ्यांची दिशा ठाऊक असते. त्यांस विचारावे, ‘नैर्ऋत्येचा वारा धरून आफ्रिकेकडून निघालेले गलबत कोठे लागेल?’ ‘आपल्याकडे’ असे उत्तर येताच नकाशावर झांझिबार, मोंबासा व मुंबई दाखवावी. या जलमार्गावर हस्तिदंताप्रमाणेच माणसेही विकली जात, हे सांगावे.

विवेचन : एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने गुलामांची गलबते पकडून त्यांवरील अनेक मुले मुंबईस उतरविली. त्यांपैकी काहींना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळील शरणपूर येथे आश्रय दिला. तेथे ती लिहावयास, वाचावयास व हातांनी कामे करावयास शिकली.

जेकब वेनराइट हे त्यांतील एक. आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लिहिणारे संशोधक लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये निवर्तले, तेव्हा वेनराइट यांनी झाडावर त्यांच्या मृत्यूची नोंद कोरली. सुसी, चुमा, वेनराइट व इतर सोबत्यांनी त्यांचा देह व कागदपत्रे हजारांहून अधिक मैल चालून समुद्रकिनारी पोहोचविली.

विल्यम जोन्स यांची हकीकत सावकाश सांगावी. तेही शरणपूरचेच विद्यार्थी. पुढे ते मोंबासाजवळील रबाई येथे कार्य करू लागले. झांझिबारच्या सुलतानाने १८७३ च्या करारान्वये गुलामांचे बाजार बंद केले. तथापि मालकांच्या घरची व शेतांवरची गुलामी चालूच राहिली. तेथून पळालेली माणसे रबाईस येत. त्यांस थारा देऊ नये, असे वरिष्ठांचे सांगणे होते. परंतु जो स्वतः एकदा विकला गेला होता, त्याने दाराशी आलेल्यास परत कसे धाडावे? रबाईत पळून आलेल्यांची वस्ती वाढत गेली. अखेर मालकांना मोबदला देण्यात आला, आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाई व आसपासच्या मिशन-वस्त्यांतील सुमारे १४०० जणांस मुक्तीचे दाखले मिळाले.

सहसंबंध : १८७३ सालीच महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांस त्यांनी तो अर्पण केला, हे अवश्य सांगावे.

प्रश्न :
१. बाजार बंद होऊनही माणसे का पळून येत?
२. मोबदला मालकांस मिळाला. तो खरोखर कोणास मिळावयास हवा होता?
३. वेनराइट यांना अक्षरओळख नसती, तर काय घडले असते?

सूचना : आरमार व मिशन यांचे साहाय्य सांगावे, परंतु सुटका झालेल्यांस केवळ दयेचे विषय करून पाठ संपवू नये. दुसऱ्या प्रश्नावर मुलांस आपसांत बोलू द्यावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये.