डोंगरकुरणाची रेताड पोयट्याची जमीन

मावळात डोंगरउतारावरील हलक्या जमिनीस वरकस म्हणतात. सारा थोडा, म्हणून जमीनही टाकाऊ, असा समज दफ्तरात बसून आम्हीही पुष्कळ वर्षे बाळगला. तो चुकीचा होता. ओली माती मुठीत दाबावी. गोळा होऊन जपून हाताळता टिकला, पण जोर लागताच फुटला, तर ती रेताड पोयट्याची समजावी. हातभर खणून रंग सारखा तांबूस दिसला, राखी वा गंजासारखे डाग नसले, तर निचरा उत्तम. मुळांस हवा मिळते. परंतु ओल लवकर सरल्याने खुडलेले गवत पुन्हा नीट वाढत नाही. पहिल्या सरीबरोबर गुरे सोडल्यास पवन्या, मारवेल नाहीसे होऊन कुसळी माजते आणि उघडी माती ओढ्यास जाते. यास्तव गवत वाढेपर्यंत कुरण बंद राखावे. कुसळी मात्र कुसळ धरण्यापूर्वीच कापावी.