मधुमेही माणसाचा ताप

आषाढात बोनालूचे दिवस आले की नल्लकुंट्याच्या फीवर हॉस्पिटलात, म्हणजे जुन्या लोकांच्या कोरंटी दवाखान्यात, तापकऱ्यांची गर्दी वाढू लागते. १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या देहात हिवतापाच्या परजीवीचा छडा लावणाऱ्या सर रोनाल्ड रॉस यांचे नाव या संस्थेने धारण केले आहे, आणि तिच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांतही ताप म्हटला की हिवताप, विषमज्वर आणि डेंगू यांचीच आठवण प्रथम होते, हे रास्तच आहे. परंतु ज्याच्या रक्तातील साखर दीर्घकाळ बेबंद राहिली आहे, त्याच्या तापाचे मूळ यकृतात जीवाणूंमुळे झालेल्या गळवातही असू शकते, याची जाणीव मला घरोघरी पोहोचवावयाची आहे.

आतड्यातील रक्त यकृतातून गाळून पुढे जाते, आणि त्याबरोबर आलेले जीवाणू निरोगी माणसाच्या यकृतातील भक्षक पेशी निमूटपणे नष्ट करतात. साखर चढलेली असली म्हणजे मात्र श्वेतपेशींची ही पहारेकरी शक्ती मंदावते, जीवाणू तेथे ठाण मांडतात आणि पू साचू लागतो. पित्तमार्गात खडा अडकलेला असल्यास त्या वाटेनेही संसर्ग वर चढतो. यांतील क्लेब्सिएल्ला नावाच्या जीवाणूची मला विशेष धास्ती वाटते. तैवानमधील वैद्यांनी मधुमेही रुग्णांत त्याचा उपद्रव विस्ताराने नोंदविला असून, यकृतातून रक्तावाटे तो डोळ्यात शिरला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. तेव्हा तापात डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

हुडहुडी भरून ताप येणे, उजव्या बरगडीखाली किंवा उजव्या खांद्यात दुखणे, अन्नावरची वासना उडणे ही याची लक्षणे होत. कावीळ असतेच असे नाही, आणि कित्येकांना पोटात दुखतही नाही. आपल्या तेलंगणात, विशेषतः ताडी पिणाऱ्यांत, अमीबामुळे होणारे यकृताचे गळूही आढळते व त्याचा इलाज निराळा आहे. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेल्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणण्याचा जो रिवाज पडला आहे, तो प्राणघातक ठरू शकतो. प्रतिजैविकाचा पहिला डोस पोटात जाण्यापूर्वी कल्चरसाठी रक्त घेतले गेले, तर नेमका जीवाणू सापडण्याचा संभव वाढतो. सोनोग्राफीत गळू दिसते, सुईने किंवा नळीने पू काढता येतो, आणि त्यानंतर औषध बहुधा चार ते सहा आठवडे घ्यावे लागते. ताप उतरला म्हणून त्यात हयगय करणे मुळीच योग्य नाही.

जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन बंद करणे हा आणखी एक घातक समज आहे, कारण तापात शरीर स्वतःच साखर वाढविते. दर चार ते सहा तासांनी साखर मोजावी, पाणी मुबलक प्यावे, आणि उलट्या होत असल्यास मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या चालू ठेवाव्यात की थांबवाव्यात हे डॉक्टरांस विचारावे. एरवी तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी बहुतेकांनी ७ टक्क्यांच्या आत राखावे. वृद्धांना व वारंवार साखर उतरणाऱ्यांना थोडी सवलत द्यावी लागते.

गळू बरे झाल्यावर पित्ताशयातील खड्यांचा तपास करावा, आणि गळवाचे कारण सापडले नसेल तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणीही करून घ्यावी. कारण तेथील कर्करोग क्वचित प्रथम याच रूपाने प्रकट होतो आणि वेळेवर सापडल्यास शस्त्रक्रियेने बरा होण्याजोगा असतो.