21 दिवसांचं गणित आणि बदलापूर लोकल

प्रश्न : मी बदलापूरला राहतो. आधी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत होती. रोज पहाटे पाऊण तास चालणं, घरचा डबा, रात्री दहाला झोप, सगळं सुरळीत चाललं होतं. मग फोर्टमधली नोकरी मिळाली आणि तीन वर्षं श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आता काम बरंच हलकं झालंय, तरी जुनं काही परत येत नाही. ‘21 दिवस नेटानं केलं की सवय लागते’ म्हणतात. दोनदा करून सोडून दिलं. इतक्या वर्षांची सवय अशी पुसली जाते का?
– एक वाचक, बदलापूर (पूर्व)

उत्तर : पुसली जात नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या अ‍ॅन ग्रेबिएल आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आवाजाची खूण ऐकून ठरावीक बाजूला वळायची सवय त्यांना लावली होती. खाऊ बंद केल्यावर मेंदूतला त्या सवयीचा ठसा विरला, पण खाऊ पुन्हा सुरू होताच तो परत उमटला. तुमचा प्रश्न खुणेचा आहे. एमआयडीसीत जाताना पहाटेची वेळ तुमची होती. आता ती गाडीची आहे. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर, जलद गाडीलाही दीड तासाच्या आसपास. कल्याणपुढे दोनच रुळांवरून लोकलही धावतात आणि पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेसही. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे. घर ते ऑफिस आणि परत धरून दिवसाचे चार तास गेले. काम हलकं झालं, प्रवास नाही झाला.

21 दिवसांचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनचा. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना ‘किमान’ 21 दिवस लागतात, असं त्यांनी 1960 च्या पुस्तकात लिहिलं होतं. पुढे लोकांनी ‘किमान’ गाळलं आणि चेहराही गाळला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांना रोज एकच साधी गोष्ट 12 आठवडे करायला सांगितली. ज्यांचा हिशोब नीट जुळला, त्यांचा मधला आकडा 66 दिवस निघाला. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज आला. तुमच्या कामाची गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नव्हतं. दोनदा सोडलंत, त्यातही बहुधा एखादा खाडा पडला आणि ‘आता मोडलंच’ म्हणून हात झटकलेत.

सुरुवात मात्र पहाटेच्या अलार्मनं करू नका. आधीच कमी पडणारी झोप त्यात आणखी कापली जाते. शिकागो विद्यापीठात 2004 मध्ये 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास झोपायला मिळालं तेव्हाच्या तुलनेत भूक भागल्याचं सांगणारं लेप्टिन 18 टक्के घटलं, भूक जागवणारं घ्रेलिन 28 टक्के वाढलं आणि गोड-खारट खायची इच्छा उफाळली. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापावची गाडी दिसली की पाय तिकडे वळतात, त्यात मनाच्या दुबळेपणाइतकाच झोपेचाही हात असतो. माझं मत विचाराल तर पहिला महिना फक्त झोपेला द्या.

मग चालणं गाडीला बांधा, घड्याळाला नाही. सीएसएमटीला उतरल्यावर शेअर टॅक्सी सोडून फोर्टपर्यंत पायी. संध्याकाळी बदलापूरला शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याऐवजी घराकडे चालू लागा. पुलावर सरकता जिना असला तरी पायऱ्या घ्या. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्येच दाखवलं होतं, की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होत होता. रविवारी मुळगावच्या खंडोबाची टेकडी आहेच. उल्हासनगरकरांना गोल मैदान, अंबरनाथकरांना वालधुनीकाठच्या शिवमंदिरापर्यंतची फेरी.

डब्याचं अवघड आहे. ती खरंच तुमची सवय होती, की पहाटे उठून पोळ्या लाटणाऱ्या घरातल्या कुणाची? आता तुमची गाडी लवकरची, म्हणजे त्या व्यक्तीनं आणखी आधी उठायचं का? रात्रीच भाजी करून ठेवणं, कणीक मळून ठेवणं, आठवड्यातले दोन दिवस स्वतः डबा भरणं, यातलं काही तुम्ही अंगावर घेणार नसाल, तर हे कलम यादीतून काढा. दुसऱ्याच्या झोपेवर आपली तब्येत सुधारणं मला मान्य नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो तुकड्यांत केलेला चालतो. सकाळी 15 आणि संध्याकाळी 15 मिनिटं भराभर चाललात, तर पाच दिवसांत कोटा पुरा होतो. तीन वर्षांपूर्वीचा वेग मात्र लगेच धरू नका. चाळिशी उलटली असेल तर आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, आणि जिना चढताना छातीत दुखलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.