मळायचं नाही, मुरवायचं

आठ किलो मामूल मी एका दिवसात बिघडवले. तारीख पक्की लक्षात आहे, कारण दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३ मे २०२२ ला, रमजान ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आली होती. एकीकडे घरात पितरांची घागर भरायची होती, दुसरीकडे गल्लीतल्या घरी ईदचे डबे पोचवायचे होते. घागर वेळेत भरली. डबे मात्र जे पोचले, ते पोचले नसते तर बरं झालं असतं.

ज्यांनी मामूल खाल्ला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. रवा आणि तुपाचं खुसखुशीत पारीसारखं आवरण, आत खजूर, अक्रोड किंवा पिस्ता, वर लाकडी साच्याची नक्षी. तळायचं नाही, भट्टीत भाजायचं. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन या भागांत मुसलमान घरी ईदला आणि ख्रिस्ती घरी ईस्टरला हे होतंच. आपल्या करंजीची ही न तळलेली मावसबहीण समजा. नावाचा अर्थ एवढाच, की ‘केलेलं’. वहिवाटीचं, नेहमीचं, असाही अर्थ त्याच शब्दाला आहे, आणि आपल्या जुन्या कागदांतला ‘मामूल’ आणि रोजच्या बोलण्यातलं ‘मामुली’ तिथूनच आलं. मी त्या नावाला भुलले. मामुली काम समजले.

हा पदार्थ मी शिकले कुवेतमध्ये. यजमान तिथल्या एका कंपनीत होते आणि आम्ही फरवानियात एका जुन्या इमारतीत राहत होतो. शेजारी हलबची, म्हणजे आपण ज्याला अलेप्पो म्हणतो तिथली, एक बाई होती. तिला सगळे ‘उम्म’ लावून थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारत. आपल्याकडे ‘गजाननची माय’ म्हणतात ना, तसंच. ईदच्या आदल्या रात्री तिच्या ओट्यावर चार-पाच बायका बसायच्या आणि साचा लाकडी पाटावर आपटल्याचा टक्, टक् असा आवाज आमच्या भिंतीतून यायचा. तीन ईदा मी त्यांच्यात बसले. पण मी बसायची ती साचा हातात आल्यापासून. त्याच्या आदल्या दिवशी ती काय करून ठेवते, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. पुढचं सगळं रामायण या एका न पाहण्यातून झालं.

२०२० मध्ये करोनात आम्ही अमरावतीजवळ वलगावला परतलो. सोबत तिने दिलेले दोन साचे आणि बारीक रव्याचं एक पाकीट होतं. त्याच पाकिटातून जानेवारीच्या थंडीत मी वीस-बावीस मामूल घरच्या ओव्हनमध्ये केले. छान झाले. सासूबाईंनी आधी कोपरात, म्हणजे परातीत, डोकावून म्हटलं होतं, “काहून वं, हे ना मळेल ना लाटेल, अन् याले पीठ म्हनते!” पण खाल्ल्यावर त्यांनी दुसरा मागितला. ही बातमी गल्लीत गेली आणि पुढच्या वर्षीच्या रमजानमध्ये शेजारच्या आपांकडून मागणी आली. त्यांची मुलं रियाधला असतात, त्यांना ही चव ठाऊक. आठ किलो हवे, साडेचारशे रुपये किलो. मी बचत गटातून ३,००० रुपये उचलले आणि सामानाला लागले.

आता चुका क्रमाने सांगते.

पहिली चूक रव्याची. अमरावतीच्या इतवाऱ्यात खजूर मिळाला, तूप मिळालं, पण चिरोटी रवा संपला होता. मी उपम्याचा जाड रवा उचलला. रवा तो रवाच, असा हिशेब.

दुसरी चूक वेळेची. त्या एप्रिलात विजेची ओढाताण चालली होती. रात्री लाइन गेली की कधी येईल नेम नाही. म्हणून पीठ रात्री न करता सकाळीच केलं. तूप वितळवून रव्यावर ओतलं, लगेच दूध आणि गुलाबपाणी घातलं आणि कोरडं वाटलं म्हणून पोळीच्या कणकेसारखं चांगलं मळलं. पंधरा वर्षं कणीक मळलेले हात. त्यांना दुसरं काही येतच नाही. गोळा तुकतुकीत झाला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता!

तिसरी चूक खजुराची. काळा, रसरशीत, बोटाला चिकटणारा ओला खजूर महाग असतो, म्हणून तो चांगला, असं मी धरलं. बिया काढल्या, कुस्करला आणि तसाच भरला.

चौथी उन्हाची. बाहेर पारा ४४-४५ च्या आसपास. अकरा वाजेपर्यंत तूप पिठातून सुटून हाताला लागायला लागलं. साच्यातून काढलेली नक्षी ताटात ठेवेपर्यंत पुसट व्हायची. मी सुटलेलं तूप टिपून घेतलं आणि वर मैदा भुरभुरला.

पाचवी भट्टीची. दुपारी लाइन गेली. घरचा ओव्हन बंद. आपल्याकडे दिवाळीला मैदा, तूप, पिठीसाखर देऊन बेकरीत नानकटाई भाजून आणतात, तसं करू म्हणून ऑटोत पत्रे घालून मी एका बेकरीत गेले. भट्टीतून नुकतेच पाव निघाले होते. “बाई, भट्टी तेज आहे, तासभर थांबा,” असं तिथल्या माणसाने बजावलं होतं. मी थांबले नाही. यात त्याचा दोष काडीचाही नाही.

सहावी डब्याची. संध्याकाळी कोमट मामूल घाईने डब्यांत भरून झाकणं लावली.

निघालं काय? खालून काळे, वरून पांढरे, मधून उकललेले. खजुराची वाफ होऊन तिने आवरण फाडलं होतं. दोन किलो तर उघडच जळले. उरलेले कडक, आणि कोमट डब्यात घाम धरल्यामुळे वरून तेवढे लिबलिबीत. असा पदार्थ करून दाखवायला खरं तर कौशल्य लागतं.

ईदच्या सकाळी मी डबे घेऊन आपांकडे गेले. त्यांनी एक मामूल उचलला, दाताने नाही, हाताने तोडायला पाहिला. मग माझ्याकडे बघून एकच विचारलं, “सूजी भिगोई कब थी, बेटी?” मी म्हटलं, काल सकाळी. “और बनाए कब?” काल सकाळीच. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो मामूल शीरखुर्म्याच्या वाटीत बुडवून ठेवला आणि मला बसायला सांगितलं. पैसे देऊ लागल्या, ते मी घेतले नाहीत. गटाचे ३,००० पुढचे पाच महिने फेडले.

आमच्या वलगावात, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. कर्ज काढून सण करू नका, हे गावोगाव कीर्तनात सांगत फिरलेला माणूस. त्याच गावात राहून मी दुसऱ्याच्या सणासाठी कर्ज काढलं होतं. त्या पाच हप्त्यांत हे मला दर महिन्याला आठवलं.

आपांच्या त्या प्रश्नात सगळं उत्तर होतं. कुवेतच्या शेजारणीला फोन केला, तर ती हसली आणि म्हणाली, आदल्या दिवशी काय करते ते तू कधी विचारलंसच नाही. तेव्हा तिने जे सांगितलं आणि पुढच्या वर्षभरात मी करून जे शिकले, ते असं.

रवा. चिरोटी रवाच घ्या, नाही मिळाला तर उपम्याचा रवा मिक्सरमधून फिरवून चाळून घ्या. बन्सी गव्हाचा बारीक रवा मिळाला तर सोनं, कारण अरबी मुलखातला रवाही त्याच कडक जातीच्या गव्हाचा असतो. अंदाजे ३५ नगांसाठी ४०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. साखर वाढवू नका. गोडी खजुराची असते. आवरण गोड केलं तर ते लवकर करपतं.

तूप. २५० ग्रॅम साजूक तूप पातळ करून रव्यावर ओता आणि दोन्ही तळहातांत चोळा. लाडवाला रवा-तूप एकजीव करतो तसं, दहा मिनिटं. अरबीत या चोळण्याला वेगळा शब्दच आहे, आणि मळण्याला वेगळा. मग झाकून रात्रभर ठेवा, किमान सहा-आठ तास. रव्याचा कण तूप पितो आणि तुपाने माखलेल्या कणाला पुढे पाणी फारसं लागत नाही. पाणी लागून मळलं गेलं की गव्हातला चिवटपणा जागा होतो. पोळीला तोच हवा असतो, म्हणून ती फुगते. मामूलला तोच नको असतो. माझा तो तुकतुकीत गोळा म्हणजे पुढचा दगडच होता.

पाणी. सकाळी पीठ पुन्हा हाताने मोकळं करा. दोन मोठे चमचे गुलाबपाणी आणि चार-पाच चमचे दूध थोडं थोडं शिंपडत बोटांनी गोळा करा. मुठीत दाबलं की धरलं पाहिजे आणि बोट लावलं की फुटलं पाहिजे. तिथे थांबा. अर्धा तास झाकून ठेवा. गुलाबपाणी खाण्याचंच घ्या. चेहऱ्याला लावायच्या बाटल्या दिसायला तशाच असतात, म्हणून लेबल वाचा. जास्त घातलं तर साबण खाल्ल्यासारखं लागतं. तिकडे महलब नावाचा, रानचेरीच्या बियांतला गर वाटून घालतात. आपल्याकडे तो सहज मिळत नाही. त्याच्या जागी वेलची आणि किंचित बडीशेप चालते. मात्र जर्दाळूच्या किंवा कडू बदामाच्या बिया ‘तसाच वास येतो’ म्हणून वाटून घालू नका. त्यांत विषारी अंश असतो.

सारण. ४०० ग्रॅम बिनबियांचा खजूर. जरा कोरडा, साधा असला तरी चालेल, उलट बराच. चमचाभर तुपात मंद आचेवर परता. कडेने सुटून गोळा व्हायला लागला की उतरवा, वेलची घाला, पूर्ण गार होऊ द्या. त्याच्या बारा-बारा ग्रॅमच्या गोळ्या आधीच करून ठेवा. पीठ २५ ग्रॅम, सारण १२, हे प्रमाण धरलं की आवरण उकलत नाही.

साचा. प्रत्येक वेळी किंचित मैदा लावून झटका. भरलेला गोळा दाबा आणि साच्याचं टोक लाकडी पाटावर आपटा. ओट्याच्या दगडावर आपटू नका, साच्याला चीर जाते. तिकडे आकारावरून सारण ओळखतात. खजुराचा बहुधा चपटा गोल, अक्रोडाचा घुमटी, पिस्त्याचा लांबट. साचा नसला तर अडू नका. चिमट्याने वर रेघा ओढायची पद्धत तिकडेही आहे आणि करंजीला मुरड घालणाऱ्या बोटांना ते लगेच जमतं.

ऊन. वऱ्हाडात मार्चनंतर हे काम पहाटेचंच. चोळलेलं पीठ रात्री फ्रिजमध्ये ठेवा, पाच वाजता भरायला बसा, भरलेला पत्रा वीस मिनिटं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून मग ओव्हनमध्ये घाला. तूप सुटायला लागलं तर मैदा घालू नका. थांबा आणि गार करा.

भाजणं. ओव्हन आधी तापवून १८० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. खालची बाजू बदामी, वरची जवळजवळ पांढरीच राहायला हवी. वरून लाल होण्याची वाट बघितली तर खालून जळणारच. गरम असताना ते मऊ लागतात, म्हणून कच्चे समजून परत आत ढकलू नका. हातही लावू नका, मोडतात. बेकरीत न्यायचे असतील तर पावाच्या घाण्यानंतर भट्टी उतरेपर्यंत थांबा, आणि आधी चारच भाजून बघा.

डबा. पूर्ण गार झाल्यावरच भरायचा, मग ते दहा-बारा दिवस चांगले राहतात. वरून पिठीसाखर भुरभुरायची तर तीही गार झाल्यावरच. विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी करा. डब्यावर केल्याची तारीख लिहा आणि सुकामेव्याचा उल्लेख करा, कारण अक्रोड सगळ्यांना सोसतोच असं नाही.

आणि मागणी. वीस चांगले झाले म्हणजे दोनशे होतील, हा हिशेब स्वयंपाकघरात चालत नाही. माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी अठरा बसतात. पहाटेपासून दहापर्यंत चार घाणे होतात, म्हणजे सत्तरेक नग, जेमतेम अडीच किलो. त्यापेक्षा जास्त मी आता कबूल करत नाही. सामानाचे पैसेही आधी घेते. उधारीवर तूप आणत नाही.

पुढच्या वर्षी, २२ एप्रिल २०२३ ला, ईद आणि अक्षय तृतीया पुन्हा एकाच दिवशी आली. नंतर त्या वर्षीच्या अधिक श्रावणाने दोन्ही सण एकमेकांपासून महिनाभर लांब गेले. आपांकडून निरोप आला, दोन किलो जमतील का? त्यांनीच आकडा लहान ठेवला होता. आदल्या रात्री मी रवा चोळून कोपरावर ओलं फडकं टाकलं आणि फ्रिजमध्ये जागा करत होते. सासूबाई पाणी प्यायला उठल्या. फडक्याची कड उचलून त्यांनी रव्यात बोट घातलं, चिमूटभर घेऊन अंगठ्याखाली चुरडलं आणि झाकून ठेवत म्हणाल्या, “अजून नाई मुरलं. नीज तू, सकायी पाहू.”