छातीत दुखतंय: जवळचं रुग्णालय की थेट ‘मेडिकल’?

प्रश्न : आम्ही जबलपूरच्या सदरमध्ये राहतो. रात्री वडिलांच्या छातीत कळ आली, तर जवळच्या लहान रुग्णालयात न्यावं की थेट मेडिकल कॉलेजला? लहान ठिकाणाहून पुढे पाठवलं, तर वेळ फुकट जाणार नाही का?

उत्तर : आधी जवळ जा, मात्र तिथे रात्रीही डॉक्टर आणि ईसीजी हवा. हृदयविकाराच्या झटक्यात पहिल्या तासातच ठोके बिघडून हृदय बंद पडण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्या क्षणी शॉक देणारं यंत्र जवळ असणं मोठ्या इमारतीपेक्षा मोलाचं. रुग्ण पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, असा जगभरचा दंडक आहे. त्या कागदावर निदान झालं, की अ‍ॅस्पिरिन आणि गरजेप्रमाणे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देता येतं. म्हणून पुढे पाठवलं तरी तो वेळ फुकट जात नाही. गढ्याच्या नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजपर्यंतचा रस्ता रुग्ण उपचार सुरू झालेला असताना कापतो.

पक्षाघाताचं मात्र वेगळं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर सीटी स्कॅन असलेलंच रुग्णालय गाठा; गुठळीवरचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं.

‘आधी पैसे भरा’ ही भीती खरी आहे. पण तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच बजावलं आहे. वडिलांना चालवू नका, 108 ला फोन करा. आणि रात्री ईसीजी कुठे निघतो, याची चौकशी आजच करून ठेवा.